घर घेण्यापूर्वी दुरुस्तीचे गणित



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वारंवार येतो. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम अथवा व्यापारातून बाजूला पडलेली शिल्लक एखाद्या जुन्या सदनिकेत गुंतवावी आणि तिच्या भाड्यावर उतारवयातील खर्च भागवावा, हा विचार योग्य आहे काय? पत्रात सदनिकेची किंमत दिलेली असते, अपेक्षित भाडे असते, मंदिर आणि बसस्थानक किती अंतरावर आहे हेही असते. घर राहण्याजोगे करण्यास किती खर्च येईल, याविषयी मात्र बहुधा एकच वाक्य असते : ‘थोडीफार रंगरंगोटी करून घ्यावी लागेल.’ आजचा लेख या ‘थोडीफार’विषयी आहे.

आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात रचलेल्या योगशास्त्रात सद्गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले आहेत. न्यायाने मिळवलेले धन हा त्यांतील पहिला गुण. मिळकतीच्या मानाने खर्च करणे हाही त्याच मालिकेतील एक गुण आहे. पहिले भाड्याचे घर घेणारा गृहस्थ मिळकतीचा हिशेब उत्साहाने करतो. खर्चाचा हिशेब मात्र खरेदीखत झाल्यावर, कुलपाची किल्ली हाती आल्यावर सुरू होतो. तोपर्यंत भाव करण्याची संधी निघून गेलेली असते. म्हणून दुरुस्तीचा अंदाज इसार देण्यापूर्वी आणि कागदावर झाला पाहिजे.

हा अंदाज कसा वाचावा, हे आधी पाहू. सामान्यतः आपण दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीशी ताडून पाहतो. तीस लाखांच्या घरास तीन-चार लाख लागले तर ते फारसे वाटत नाहीत. स्वतः राहायचे असेल तर ही तुलना एक वेळ चालेल, कारण त्या खर्चाचे सुख आपल्यालाच मिळणार असते. भाड्याच्या घराचा खर्च मात्र भाड्यातूनच भरून यायचा असतो. म्हणून तो किमतीच्या टक्क्यांत न मोजता भाड्याच्या वर्षांत मोजावा. उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल.

समजा, एका शिक्षक दांपत्याने अठ्ठावन्नाव्या वर्षी सांगलीत बावीस वर्षे जुन्या इमारतीतील सुमारे ६२० चौरस फुटांची सदनिका पाहिली. किंमत ३० लाख रुपये. मुद्रांक शुल्क, नोंदणी व वकिलाची फी धरून आणखी २ लाख. अपेक्षित भाडे दरमहा १०,००० रुपये. (हे सर्व आकडे केवळ उदाहरणासाठी गृहीत धरले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावातील आकडे घालावेत.) वर्षाचे भाडे १,२०,००० रुपये होते. भाडेकरू बदलताना वर्षातून सरासरी एक महिना घर रिकामे राहिले तर १०,००० वजा. संस्थेचा देखभाल खर्च २४,००० आणि घरपट्टी ८,००० रुपये. नळ, दिवे, किरकोळ गळती यांसाठी १२,०००. उरले ६६,००० रुपये. हे या घराचे एका वर्षाचे खरे फळ, तेही प्राप्तिकरापूर्वीचे.

आता दुरुस्तीकडे वळू. नुसती रंगरंगोटी ७५,००० रुपयांत होईल असे मानले, तर तो खर्च एक वर्ष आणि दीड-दोन महिन्यांत भरून येतो. परंतु घर नीट तपासल्यावर यादी अशी निघाली : दोन न्हाणीघरांचे जलरोधन, नळकाम व फरशी मिळून १,४०,०००, संपूर्ण वायरिंग ६०,०००, स्वयंपाकघराचा ओटा व सांडपाण्याची नळी ३०,०००, खिडक्या आणि दोन चौकटी ३५,०००, गिलावा व रंग ६५,०००, राडारोडा उचलणे व सफाई १०,०००. बेरीज ३,४०,००० रुपये. जुन्या घरात भिंत फोडल्यावर काय निघेल हे कोणीच सांगू शकत नाही, म्हणून अनपेक्षित कामांसाठी १५ टक्के, म्हणजे ५१,०००. काम दोन महिने चालेल. त्या काळातील बुडालेले भाडे २०,००० आणि संस्थेचा देखभाल खर्च ४,०००. एकूण ४,१५,००० रुपये.

किमतीच्या भाषेत ही रक्कम चौदा टक्के आहे. भाड्याच्या भाषेत मात्र ती सव्वासहा वर्षांची निव्वळ मिळकत आहे. ज्या दांपत्यास निवृत्तीनंतर लगेच दरमहा आधार हवा होता, त्याच्या हाती या घराचा पहिला खरा रुपया वयाच्या चौसष्टाव्या वर्षानंतर पडणार. मधल्या काळात मालमत्तेची किंमत वाढेल, हे शक्य आहे. पण ती वाढ घर विकल्यावर हाती येते, दर महिन्याच्या औषधांचे आणि किराण्याचे बिल तिच्यातून भागत नाही. हे घर घेऊच नये असा याचा अर्थ नव्हे. ते ३० लाखांना घ्यावे की २६ लाखांना, की नम्रपणे नकार द्यावा, हे ठरवण्याचे साधन आता आपल्या हाती आले.

ही यादी तयार करण्यासाठी घर पाहण्याची रीत बदलावी लागते. सदनिका पाहण्यास उत्तम काळ म्हणजे चातुर्मास. साधुसाध्वी एका ठिकाणी स्थिरावतात त्या दिवसांत, आठ-दहा दिवस सलग पाऊस झाल्यावर, भिंती आपली हकिकत स्वतः सांगतात. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी भिंत श्रावणात ओली होते. पावसाळ्यात जाणे शक्य नसेल तर छताच्या कोपऱ्यांतील पिवळट वलये, फुगलेला रंग आणि भिंतीवर फुललेला पांढरा लोणा या खुणा शोधाव्यात. एकाच भिंतीला नुकताच रंग दिलेला असेल, तर ती भिंत अधिक बारकाईने पाहावी.

पहिली तपासणी सांगाड्याची. स्लॅब, तुळई आणि खांब यांवर सळईच्या दिशेने गेलेल्या सरळ भेगा, तांबूस डाग किंवा निखळलेले काँक्रीट दिसते काय? काँक्रीटमधील सळई गंजली की तिचा आकार वाढतो आणि ती वरचे आवरण फोडून बाहेर येते. लहान हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर गिलावा किंवा आवरण सुटलेले आहे असे समजावे. हे काम रंगाऱ्याचे नव्हे. अशा खुणा दिसल्या की स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. त्याची फी हा या व्यवहारातील सर्वांत फलदायी खर्च ठरतो. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे तळमजल्यावर व बैठ्या घरांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघालेल्या आढळतात. भेग जुनी व स्थिर आहे की अद्याप वाढते आहे, हे इंजिनिअरकडून ठरवून घ्यावे. स्थिर भेग बुजवता येते. वाढती भेग बुजवली तरी पुन्हा उघडते.

दुसरी तपासणी पाण्याची. आपल्या न्हाणीघराची खरी अवस्था आपल्या घरात दिसत नाही. ती खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छतावर दिसते. त्यांची अनुमती घेऊन ते छत अवश्य पाहावे. विक्रेत्याची हरकत नसेल तर जाळी बंद करून न्हाणीघरात दोन इंच पाणी चोवीस तास साठवून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी खाली जाऊन पाहावे. वरवर फरशीच्या फटी भरून अशी गळती क्वचितच थांबते. बहुधा फरशी काढून, खालचा भराव उपसून, नळ्या बदलून, जलरोधन करून पुन्हा फरशी बसवावी लागते. म्हणूनच अंदाजपत्रकात न्हाणीघराचा आकडा सर्वांत मोठा असतो. जुन्या लोखंडी नळ्या आतून गंजून अरुंद होतात. दोन नळ एकाच वेळी उघडल्यावर धार अगदी बारीक झाली, तर नळ्या बदलण्याचा खर्च धरावा.

तिसरी तपासणी विजेची. अर्थिंग आहे काय, मुख्य फलकावर गळती होताच प्रवाह तोडणारे आरसीसीबी आहे काय, गिझरसाठी स्वतंत्र जाड तार आहे काय, हे परवानाधारक वायरमनकडून पाहून घ्यावे. भाड्याने राहावयास येणाऱ्या कुटुंबातील लहान मूल ओल्या हाताने बटण दाबणार आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे या खर्चात काटकसर करण्याचा मोह होत नाही.

चौथी तपासणी लाकडाची. चौकटीच्या तळाशी मातीच्या बारीक नळ्या दिसल्या किंवा लाकूड दाबल्यावर आत गेले, तर वाळवी आहे. आपल्या घरांत हा प्रश्न केवळ खर्चाचा नसतो. एकदा वाळवी पसरली की औषध फवारण्याखेरीज मार्ग नाही असे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि श्रावकाचे मन तेथे अडखळते. ओलसर भिंतीवर वाढणाऱ्या शेवाळाचे आणि बुरशीचेही तसेच. आपली परंपरा त्यांस अनंतकाय मानते. म्हणून या दोन्ही गोष्टी घर घेण्यापूर्वीच पाहाव्यात. पसरलेली वाळवी दिसली तर असे घर न घेण्याचे स्वातंत्र्य आपल्याला असते. घ्यायचेच ठरले, तर ओलावा कोठून येतो ते शोधून तो थांबवणे आणि लाकडी चौकटींच्या जागी दगडी चौकटी बसवणे, यांचा खर्च आरंभीच धरावा. कोरडी भिंत आणि दगडी चौकट यांमुळे पुढील हिंसेचे निमित्तच कमी होते.

तळमजल्यावरील घराविषयी सांगलीकरांना वेगळे सांगावयास नको. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेचे पाणी शहरात शिरले. अशा भागातील घर पाहताना पाणी कोठवर आले होते, हे शेजाऱ्यांना विचारावे आणि त्या रेषेच्या खाली विजेची बटणे, प्लायवूडची कपाटे व गिलावा कोणत्या स्थितीत आहेत ते पाहावे. पुराची दुरुस्ती ही एकदाच करावयाची दुरुस्ती नव्हे. तिच्यासाठी दरवर्षीच्या भाड्यातून काही रक्कम बाजूला ठेवावी लागेल, असे गृहीत धरूनच किंमत ठरवावी.

तपासणीनंतर मोजणी. ‘सगळे मिळून किती घ्याल?’ असा प्रश्न ठेकेदाराला विचारला की उत्तरही तसेच मोघम मिळते. मापे आपण घ्यावीत आणि दर त्यांच्याकडून घ्यावा. दहा फूट बाय बारा फुटांच्या, साडेनऊ फूट उंचीच्या खोलीच्या चार भिंतींचे क्षेत्रफळ ४१८ चौरस फूट होते. छताचे १२० मिळवले आणि दार-खिडकीचे सुमारे ४० वजा केले, तर रंगाचे क्षेत्र सुमारे ५०० चौरस फूट येते. म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीत रंगवायची जागा चौपटीहून अधिक असते. सात फूट बाय चार फुटांच्या न्हाणीघरात सात फूट उंचीपर्यंत फरशी लावायची असेल, तर भिंतींचे १५४ चौरस फूट होतात. दाराचे साडेसतरा वजा करून जमिनीचे २८ मिळवले, की सुमारे १६५ होतात आणि तुटफूट धरून १८० चौरस फूट फरशी आणावी लागते. वायरिंगचा दर पॉइंटवर, फरशीचा व रंगाचा चौरस फुटावर, नळ्यांचा धावत्या फुटावर मागावा. एकच यादी तीन कारागिरांना द्यावी. साहित्य कोणाचे, राडारोडा कोण उचलणार आणि जीएसटी धरला आहे की वेगळा, हे प्रत्येकाकडून लिहून घ्यावे. तिघांचे दर एकाच मापावर आले की खरी तुलना होते. सर्वांत कमी आकडा देणाऱ्याने बहुधा एखादे काम वगळलेले असते. ते कोणते, हे शोधावे.

सदनिकेचा खर्च चार भिंतींत संपत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्चीची गळती, बाहेरच्या भिंती व सामाईक नळ्या यांची दुरुस्ती सामान्यतः संस्था करते. सदनिकेच्या आतील नळ, मोरी, न्हाणीघर यांची जबाबदारी सदस्याची असते. मात्र संस्थेचा पैसा म्हणजे शेवटी सदस्यांचाच पैसा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी व्हावयास हवे. तो अहवाल मागून घ्यावा. सिंकिंग फंडात शिल्लक किती आहे आणि मागील दोन-तीन सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्तांत मोठ्या दुरुस्तीची चर्चा झाली आहे काय, तेही पाहावे. वीस सदनिकांच्या इमारतीत ४० लाखांची दुरुस्ती मंजूर झालेली असेल आणि निधी रिकामा असेल, तर २ लाख रुपये आपल्या वाट्यास येतील. विक्रेता तोवर गेलेला असेल. विक्रेत्याकडे थकबाकी नसल्याचा संस्थेचा दाखला घ्यावा. सदस्य स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा संस्था बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. त्याची कमाल मर्यादा सेवाशुल्काच्या १० टक्के आहे. तेही वार्षिक हिशेबात धरावे. इमारत १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली असेल, तर खर्चाची वाटणी कशी होते हे तिच्या घोषणापत्रात पाहावे.

कायद्याचा आधार किती, हेही जाणून घ्यावे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेले पण खरेदीदारास सामान्य दक्षतेने न कळणारे मालमत्तेतील महत्त्वाचे दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. यातील ‘सामान्य दक्षता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जो दोष डोळ्यांना दिसण्याजोगा होता, त्याबद्दल मागाहून तक्रार करणे कठीण होते. प्राप्तिकरातही फार आशा बाळगू नये. घरभाड्यातून प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा केल्यावर उरणाऱ्या रकमेच्या ३० टक्के ठोक वजावट मिळते. दुरुस्तीवर प्रत्यक्षात त्याहून कितीही अधिक खर्च झाला, तरी वजावट तेवढीच राहते. आपल्या उदाहरणातील चार लाखांचा भार, म्हणूनच, आपल्यालाच उचलावा लागतो.

यादी हाती आल्यावर तिचे तीन भाग करावेत. जिवाशी संबंधित कामे : स्लॅब, कठडे, वीज. पाण्याशी संबंधित कामे : न्हाणीघर, नळ्या, गच्चीची गळती. आणि डोळ्यांशी संबंधित कामे : ओट्याचा नवा दगड, कपाटे, सजावटी छत. पहिले दोन भाग भाडेकरू येण्यापूर्वी पूर्ण करावेत. ते परवडत नसतील तर घर परवडत नाही असे समजावे. तिसऱ्या भागात भाडे जेवढे वाढेल तेवढाच खर्च करावा. भाड्याच्या घरात नेहमीच्या मापाची, बाजारात पुन्हा मिळणारी फरशी आणि पुसता येणारा साधा रंग हेच दीर्घकाळ उपयोगी पडतात.

भाव ठरवतानाही हीच यादी पुढे ठेवावी. ‘घर जुने आहे, काही कमी करा’ असे म्हटल्याने वाद होतो. मापे, दर आणि इंजिनिअरचे पत्र दाखवल्याने चर्चा होते. विक्रेता सज्जन असेल तर त्यासही हे पटते. इसार द्यावाच लागला, तर तो अल्प द्यावा आणि इंजिनिअरच्या तपासणीनंतर व्यवहार पुढे नेण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी.

परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा घालावयाच्या वस्तूंची गणना क्षेत्र आणि वास्तू यांपासून सुरू होते. दुसरे घर घेताना श्रावक आपल्या मर्यादेचा विचार करतोच. त्याच वेळी त्या वास्तूचे जतन करण्याची आपली शक्ती किती, याचाही विचार व्हावा. गळते छत आणि उघडी तार ठेवून घेतलेले भाडे न्यायाच्या धनात कसे मोजावे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारण्याजोगा आहे. दुरुस्तीस पैसा उरत नाही म्हणून अनेक घरे तशीच भाड्याने दिली जातात, आणि पैसा उरत नाही तो बहुधा खरेदीच्या वेळी हिशेब न केल्यामुळे.

ज्यांच्या मनात असा व्यवहार घोळत असेल, त्यांनी या रविवारी एक वही, मोजपट्टी आणि विजेरी घेऊन ते घर पुन्हा एकदा पाहून यावे. सोबत शक्यतो घरातील दुसरे कोणीतरी असावे. एकाच्या नजरेतून सुटलेली ओल दुसऱ्यास दिसते. वहीच्या शेवटच्या पानावर दोनच आकडे लिहावेत : दुरुस्तीची एकूण रक्कम आणि एका वर्षाचे निव्वळ भाडे. पहिल्यास दुसऱ्याने भागून येणारी वर्षे आपल्या वयात मिळवावीत आणि मग घरातील सर्वांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा.

पुढील अंकात भाडेकराराची नोंदणी आणि अनामत रक्कम यांविषयी.